वेक्सबरीचे रिकामटेकडे वासे

वेक्सबरी, ओहायो
शनिवार, १७ सप्टेंबर १८३६

एरास्टस,

आधी काय घडलं ते लिहिते.

१. एप्रिलच्या गावसभेत नदीवरच्या पुलाचा आराखडा मांडला गेला. त्यावर तुझं नाव होतं. काढला मी होता.

२. पुलाचा भार पेलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लाकडी चौकटींमधले, म्हणजे कैच्यांमधले, उलट तिरपे वासे काढून टाकावेत, असा ठराव त्याच सभेत आला. हात वर करून मतं घेतली. बाजूने एकसष्ट, विरुद्ध अडतीस. अध्यक्ष तू होतास.

३. टायटस मिंगो मिस्त्रींनी सभेने ठरवला तसा पूल बांधला.

४. चार जुलैला पूल खुला झाला. भाषण तू केलंस.

५. गेल्या मंगळवारी पूर्वेच्या बाजाराला निघालेला गुरांचा एक कळप पुलावर शिरला. निम्मा पूल भरल्यावर एक कैची मुडपली, तिच्यामागोमाग दुसरी.

६. चौदा बैल बुडाले. कळपाबरोबरचा एक माणूस मेला. बैल कुणाचे होते हे गावाला माहीत आहे. माणसाचं नाव अजून कुणी विचारलेलं नाही.

७. काल गावच्या पंचांनी मिस्त्रींना नोटीस दिली.

नोटिशीचं कारण पूल नाही. निदान कागदावर नाही. काळ्या माणसाला या राज्यात राहायचं तर दोन जमीनमालकांनी त्याच्या चालचलणुकीला जामीन राहावं लागतं, हा कायदा तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मिस्त्रींचे दोन जामीन होते. म्हातारा हॅलॉक अजून आहे. तो क्वेकर पंथाचा आहे आणि त्याला कुणाकडून मत मागायचं नाही. दुसरा कर्नल बिसेल, बुडालेल्या बैलांचा मालक. त्याने परवा आपलं नाव काढून घेतलं. २५ ऑक्टोबरपर्यंत दुसरा जमीनमालक उभा राहिला नाही, तर मिस्त्री, फिबी आणि त्यांच्या तिन्ही मुली यांनी जिल्हा सोडायचा. नऊ वर्षं ते इथे आहेत. घर त्यांनी स्वतः बांधलेलं आहे.

तुझ्याकडे वेक्सबरीत जमीन आहे. मुलगी काय, लग्न करून जाईल, म्हणून बाबांनी ती मला न देता तुला दिली. मी कुठेही गेलेली नाही. जमीन मात्र तुझी आहे, आणि म्हणून सही तूच करू शकतोस. मॅजिस्ट्रेटच्या ओसरीवर एवढंसं काम आहे.

केझिया लूमिस


ईगल खानावळ, जिल्ह्याचं गाव
२२ सप्टेंबर

माझी लाडकी केझी,

तुझं पत्र म्हणजे दोरी लावून ओढलेली रेघ! काकांनी तुला कालव्याची मोजणी शिकवली, हिशेब शिकवले, पण पत्राच्या शेवटी दोन शब्द मायेचे लिहायचे असतात हे शिकवायचं राहून गेलं.

अपघाताची बातमी ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. तुला ठाऊक आहे, विधानसभेचं मतदान अकरा ऑक्टोबरला आहे. रोज दोन गावं, प्रत्येक गावात एक ओंडका, त्यावर उभं राहून भाषण. आणि काय सांगू केझी, काय लोक आहेत हे! चांभार माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, "लूमिस, तू आमच्यातलाच." मी त्यांना सांगतो, मी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलो, अनवाणी शाळेत गेलो, आणि आज तुमच्यासमोर उभा आहे. या देशात कुणाचा बाप कोण हे कुणी विचारत नाही. दार सगळ्यांना उघडं आहे, आत शिरायची धमक मात्र हवी.

टायटसबद्दल मला अत्यंत आदर आहे. म्हणूनच जामिनाचं मला पटत नाही. आपण ज्याला बरोबरीचा मानतो त्याला आपल्या टेकूची गरज आहे असं जगाला सांगायचं, हा त्याचा अपमान नाही का? त्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं. त्यातच त्याची शान आहे.

एक विचारतो, रागावू नकोस. लाकूड ओलं तर नव्हतं? त्याने घाईत काही गाळलं तर नाही? माणूस आहे, चूक होते. असं काही सापडलं तर सगळ्यांचीच सुटका होईल. अकरा तारीख होऊ दे. मग शांतपणे बघू.

तुझाच भाऊ,
एरास्टस


वेक्सबरी
२७ सप्टेंबर

एरास्टस,

लाकूड ओलं नव्हतं. मी तुटलेले तुकडे काठावर ओढून घेतले आणि एकेक पाहिले. ओक दोन वर्षं वाळवलेला आहे. खुंट्या शाबूत आहेत, एकही सांधा सुटलेला नाही. पूल मोडला तो कैचीच्या मधल्या खणांत, जिथे काही नव्हतं तिथे. मिस्त्रींनी काही गाळलं नाही. गाळलं ते सभेने.

तू ज्या ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलास तिला दोन मजले होते आणि ती विटांची होती. तुझ्या अनवाणी पायांत चांदीच्या बकलांचे बूट असत. मला आठवतात, कारण ते पुसायचं काम माझ्याकडे होतं. लोकांना हे सांगायला मी जाणार नाही. खोटं बोललेलं त्यांना आवडतं, फक्त ते गरिबीचं असावं लागतं.

सभेतलं तू विसरला आहेस असं तुझ्या पत्रावरून वाटतं, म्हणून लिहिते.

हायरम टटल उठला. कातडी कमावण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही उभं केलेलं नाही. त्याने आराखड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाकीचे वासे असे, मग हे मधलेच उलटे का?"

तू म्हणालास, "ते तसेच असतात."

"असतात ते दिसतंय. करतात काय? पूल नुसता उभा आहे, वर कुणी नाही, तेव्हा यांच्यावर भार किती?"

तू वर बायकांच्या गॅलरीत माझ्याकडे पाहिलंस. मग खरं तेच सांगितलंस. "काही नाही."

"काही नाही! ऐका हो मंडळी! बाकीच्यांनी मरमर मरायचं आणि या रिकामटेकड्यांनी मधे तंगड्या पसरून बघत बसायचं! असले लोक आपण इंग्लंडातच ठेवून आलो ना?"

"सरदार आहेत सरदार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग उतरवा त्यांना गादीवरून!"

आणि सगळं सभागृह हसलं. तूही हसलास. मी गॅलरीत उभी राहिले आणि म्हटलं, "पूल भरलेला असताना ते लागत नाहीत. अर्धा भरला की लागतात. भार चालायला लागला की मधल्या खणांत त्याची दिशा फिरते, तेव्हा तेच वासे पूल धरतात." एवढंच बोलले. चर्चच्या डीकन ॲबटने मान वर न करता म्हटलं, "आता बायका पूल बांधणार. उद्या माझी गाय प्रवचन करेल." तू हातोडी आपटलीस. "गॅलरीला मत नाही. गॅलरीने शांत राहावं." माझं नावही घेतलं नाहीस. ते मला बरंच वाटलं.

मिस्त्री दाराशी उभे होते. बाकांवर त्यांना जागा नसते. त्यांनी विचारलं, "मी ऐकायचं कुणाचं? चित्राचं की सभेचं?"

तू म्हणालास, "सभेचं, टायटस. इथे कुणी एक राजा नाही. इथे सगळे राजे आहेत."

"बरं," ते म्हणाले. "मग सगळ्या राजांना सांगा, पुलावर चढायचं तर सगळ्यांनी एकदम चढा. अर्ध्यांनी नको."

त्यावरही लोक हसले. त्यांना वाटलं, तो विनोद आहे. चार जुलैला अख्खं गाव पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं राहिलं, पूल हलला नाही, आणि टटल संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला म्हणत होता, "कुठे आहेत तुमचे सरदार? राहिला ना पूल त्यांच्यावाचून?" अख्खा पूल भरला होता, म्हणून राहिला. बैलांना स्वातंत्र्यदिन माहीत नव्हता. ते एका टोकाने आले.

आता गंमत ऐक. दोन आठवड्यांत मी गावातल्या जवळजवळ प्रत्येक मतदाराशी बोलले आहे. त्या एकसष्ट हातांपैकी एकही हात मला सापडलेला नाही. काल दुकानात टटलला विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मी फक्त शंका काढली हो. शंका काढायचा हक्क आहे की नाही माणसाला?"

"हात वर केलात ना?"

"केला असेल. वारा किती होता त्या दिवशी! खिडकी लावा म्हणून केला असेल."

दुकानदार म्हणाला, "मी तर तेव्हा तंबाखू आणायला बाहेर गेलो होतो."

डीकन म्हणाला, "एवढी चर्चा कशाला? बांधला कुणी ते बघा." आणि सगळ्यांनी मान डोलावली. एरास्टस, या गावात सगळे समान आहेत यावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे. मूर्खपणाची वाटणी इतकी सारखी मी कुठेच पाहिली नाही.

टेकू घेणं अपमानाचं आहे असं तू लिहितोस. तुझ्या नावाखाली माझा पूल उभा होता तेव्हा तुला तो अपमान जाणवला नाही.

जामिनावर सही करशील का, एवढंच कळव.

केझिया


ईगल खानावळ
३ ऑक्टोबर

प्रिय केझी,

वर्तमानपत्र तुझ्या हाती पडलं असेल. आधीच सांगतो, "अयोग्य हातांनी बांधलेला" हे शब्द माझे नाहीत. मी फक्त लिहिलं होतं की आराखडा निर्दोष होता आणि त्याचा जबाबदार मी आहे. हे खोटं आहे का? आराखडा निर्दोष होता, तूच म्हणतेस. बाकीचं संपादकाने घातलं. पुलाबद्दल प्रत्येक सभेत प्रश्न येतो. मी काय करायला हवं होतं? ओंडक्यावर उभं राहून लोकांना सांगू, की तुम्ही चुकलात? लोक चुकत नाहीत, केझी. लोकांची दिशाभूल होते. या दोन गोष्टींत फरक आहे आणि राजकारण म्हणजे तो फरक.

टायटससाठी मी चौकशी केली. सरोवरापलीकडे कॅनडात त्याच्यासारख्यांना सरळ जमीन देतात म्हणे, जामीन-बिमीन काही नाही. तिथे राजा आहे हे खरं, पण चांगल्या सुताराला कुठेही संधी मिळते. मोकळ्या मनाने विचार केला तर त्याचं भलंच होईल.

तुझं दुःख मला कळतं. आराखड्यावर तुझं नाव नव्हतं, हे आत कुठेतरी सलतंय, आणि तो राग तू टायटसच्या आडून काढते आहेस. मी विसरलेलो नाही. निवडून आलो की मुलींच्या नव्या पाठशाळेत तुला जागा मिळवून देईन. शिवणकाम शिकवायचं, आणि विश्वस्तांची हरकत नसेल तर थोडं अंकगणितही. संधी अशीच एकेक पायरीने येते.

तुझा,
एरास्टस


वेक्सबरी
७ ऑक्टोबर

एरास्टस,

वर्तमानपत्र मिळालं. मिस्त्रींनाही मिळालं होतं. कुणीतरी दारात खिळ्याने ठोकून ठेवलं होतं. खिळा वाकडा गेला होता. मिस्त्रींनी आधी तो उपटून सरळ केला, मग वाचलं.

काल मी त्यांच्याकडे गेले होते. तुझं कॅनडाचं सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फिबी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जा म्हणावं तुम्हीच. थंडीत तीन पोरींना घेऊन सरोवर ओलांडा म्हणावं."

मिस्त्री हसले. "माझे आजोबा इंग्लंडच्या राजाशी लढले. कनेक्टिकटच्या पलटणीत. गोळी खाल्ली मांडीत. आता नातवाने माणूस व्हायला त्याच राजाकडे जायचं. आजोबांनी उगीच लंगडत दिवस काढले."

"तुम्हीही काही कमी नाही," फिबी त्यांना म्हणाली. "मी म्हटलं होतं, हे काम घेऊ नका. तर म्हणे, मी नाही घेतलं तर तो कुठला हॅम्प्टनचा सुतार घेईल आणि वाईट बांधेल. बघा, चांगला बांधलात. काय सफाईने पडला!"

"सांधे नाही सुटले," मिस्त्री म्हणाले. ते दुखावले गेले होते. "केझियाबाईंनी पाहिलेत. एक सांधा नाही सुटला."

"सांधे घेऊन बसा मग."

ते गर्विष्ठ आहेत आणि जिभेचे तिखट आहेत. गावात कुणाला ते फारसे आवडत नाहीत. मलाही ते आवडतात म्हणून मी लिहीत नाही. आवडण्याशी याचा संबंध नाही. बिसेल कुणालाच आवडत नाही, पण त्याला कुणी जामीन मागत नाही.

मी विचारलं, कोर्टात जायचं का? ते म्हणाले, "कशाला? गोऱ्या माणसाविरुद्ध माझी साक्ष चालत नाही. तुमची चालेल, पण तुम्ही काय सांगाल? की मी गॅलरीतून पाहिलं? तो डीकन आणखी एक गाय उभी करेल." मग म्हणाले, "मला न्याय नको, बाई. न्याय फार लांब राहतो. मला या चुलीपाशी बसायचंय. तेवढं बघा."

तेव्हा माझं दुःख कुठे सलतं हे शोधायच्या भानगडीत तू पडू नकोस. मला नाव नको आहे. शिवणकामही नको. आराखड्यावर नाव घातलं असतं तर तो सभेपुढे आलाच नसता, हे मी काढायला बसले तेव्हाच मला माहीत होतं. मला पूल हवा होता. तो झाला, आणि तुम्ही तो बहुमताने पाडलात.

अठरा दिवस उरले आहेत. हॅलॉकने आणखी चार जमीनमालकांना विचारलं. चौघांनी एकच उत्तर दिलं: "लूमिस काय करतो ते बघू."

केझिया


ईगल खानावळ
१३ ऑक्टोबर

केझी, केझी!

निवडून आलो! दोनशे तेरा मतांनी! वेक्सबरीने तर भरभरून मतं दिली. रात्री लोकांनी मला खांद्यावर घेतलं. टटल माझ्या गळ्यात पडून रडला. हा कातडी कमावणारा माणूस, आणि मी, आणि आमच्यामध्ये कसलीही भिंत नाही! युरोपात हे दिसेल?

आता कामाचं. पंचांनी एकमताने ठरवलंय की नव्या पुलाचा आराखडा मीच द्यायचा. "आराखडा निर्दोष होता" हे वाक्य त्यांनीच मला परत ऐकवलं. लोकांचा विश्वास किती मोठा असतो बघ. मात्र या खेपेला राज्याची मंजुरी हवी आहे, आणि त्यासाठी कालव्याचा एक अभियंता चोवीस तारखेला, सोमवारी, वेक्सबरीत येतोय. तो आराखडा बघणार आणि काढणाऱ्याला प्रश्न विचारणार. सभेसमोर.

तेव्हा तू लगेच बस. तुला काय, आठ दिवसांचं काम. सोबत दोन-तीन पानांचं टिपण दे, सोप्या भाषेत, म्हणजे मी पाठ करीन. कोणता वासा कशासाठी, एवढं पुरे. उलटे वासे या वेळी खुशाल असू देत. मी सभेला सांगीन की ते शोभेसाठी आहेत. शोभेला लोक नाही म्हणत नाहीत.

बघ, तू म्हणायचीस ना की तुला कुणी संधी देत नाही? मी देतोय.

टायटसबद्दल: मनापासून वाईट वाटतं, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी सही केली तर ज्यांनी खांद्यावर घेतलं तेच म्हणतील की चूक आमची होती असं लूमिसला सुचवायचंय. माझी सही आता माझी एकट्याची राहिलेली नाही. ती लोकांची आहे. तसाही तो एव्हाना गेला असेल. समंजस माणूस आहे.

तुझा,
एरास्टस (आता आमदार!)


वेक्सबरी
१५ ऑक्टोबर

एरास्टस,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मिस्त्री गेलेले नाहीत. कुणी समंजस म्हटलं म्हणून ते जातील असं वाटत नाही.

नवा आराखडा तयार आहे. मी तो गेल्या महिन्यातच काढला. मोडलेला पूल रोज खिडकीतून दिसतो; त्याच्याकडे बघत नुसतं बसणं मला जमत नाही. दोन कैच्या, प्रत्येकीत अकरा खण, मधल्या पाच खणांत उलट तिरपे. टिपणही लिहिलं आहे. नऊ पानं झाली. दोन-तीन पानांत ते होत नाही, आणि पाठ करून तर मुळीच होत नाही. अभियंता बहुधा पहिलाच प्रश्न असा विचारेल की कळप पुलाच्या एक तृतीयांशावर असताना सहाव्या खणात काय होतं. उत्तर "शोभा" हे नाही.

माझं म्हणणं आता साधं आहे. नीट वाच.

मॅजिस्ट्रेटसमोर जामिनावर तुझी सही झाली, आणि तिची नक्कल मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्यासह माझ्या हाती आली, की त्याच दिवशी आराखडा आणि नऊ पानं तुझ्या खानावळीत पोचतील. रविवारचा अख्खा दिवस तुझ्याजवळ बसून मी ती तुला समजावून सांगेन. तुला समजेपर्यंत सांगेन. सोमवारी सभेत मी गॅलरीतही येणार नाही.

पूल तुझा राहील. हे मी वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, आराखड्यासोबत देईन: हा पूल एरास्टस लूमिस यांनी काढला. मी कुणाला कधी दुसरं सांगणार नाही. तू म्हातारा झाल्यावर लोक पुलावर तुझ्या नावाची पाटी लावतील, तेव्हाही नाही. तुझ्या मुलांनाही नाही. माझ्याकडे विकण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे आणि तिला या गावात फक्त एकच गिऱ्हाईक आहे. तिची किंमत मी ठरवली आहे. ती कमी होणार नाही.

सही झाली नाही, तर मी काहीही करणार नाही. वर्तमानपत्राला लिहिणार नाही, ओरडणार नाही, अभियंत्याला भेटणार नाही. तू सोमवारी सभेपुढे उभा राहशील आणि तुझा तू काय ते सांगशील. तू स्वतःच्या पायावर उभा राहशील. लोक समोर बसलेले असतील, तेच, आणि प्रश्न विचारायचा हक्क त्यांच्यातल्या प्रत्येकाला आहे.

लोकांना काय सांगायचं याची काळजी करू नकोस. तुझ्यासारखा माणूस तेवढं जुळवतो. म्हणावं, ख्रिस्ती दया. म्हणावं, मोठ्या मनाने माफ केलं. मिस्त्रींनी कधी केलेला नाही असा गुन्हा तू माफ केलास असं गाव म्हणेल, आणि टटल पुन्हा रडेल. मिस्त्रींना मी हे सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "माफ करू दे. नऊ वर्षं मी त्यांचे दरवाजे बसवतोय, हेही बसवून घेऊ." फिबीने बांधून ठेवलेलं एक गाठोडं सोडलं नाही, आणि दुसरं बांधलंही नाही.

नवा पूल मिस्त्री बांधणार नाहीत. तेही त्यांनी मला सांगितलं आहे. तेव्हा बांधायचा कुणी हा प्रश्न गावाचा आहे, आणि तो गावाने मतं घेऊन सोडवावा.

जामीन देण्याची शेवटची तारीख मंगळवार, पंचवीस. अभियंता सोमवारी येतो. रविवारी मॅजिस्ट्रेट सही घेत नाही. म्हणून शनिवार, २२ ऑक्टोबरपर्यंत सहीची नक्कल पाठव.

केझिया लूमिस